माळाचं भाडं आणि चार पॅन कार्डं

सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला, वावीच्या पुढे, आमचा सात हेक्टरांचा माळ आहे. वर हातभर मुरूम, खाली खडक. आजोबांनी तो तरुणपणी गवंडीकामाच्या पैशातून विकत घेतला. वडिलोपार्जित जमीन वेगळी, ती विहिरीजवळ आहे आणि कांदा, गहू, थोडं डाळिंब तिच्यावरच होतं. माळावर पाऊस लागला तर हुलगे आणि मठ, नाहीतर कुसळ आणि तरवड. शेळ्या चारायची जागा, एवढीच त्याची ओळख. २०२४ च्या पितृपक्षात एका सौर कंपनीची दोन माणसं आली. त्यांनी मोबाइलवर नकाशा उघडला, महावितरणचं उपकेंद्र अडीच किलोमीटरवर आहे हे पाहिलं आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाली, "काका, हेक्टरी सव्वा लाख, दर वर्षाला."

अण्णांनी रात्री मला नाशिकला फोन केला. मी अंबडमधल्या एका वर्कशॉपचे हिशेब पाहते, जीएसटीचे रिटर्न भरते, म्हणून घरात पैशाचा कुठलाही कागद आला की "ताईला विचारा" असं ठरलेलं आहे. त्या फोनपासून भाडेकराराची नोंदणी होईपर्यंत आठ महिने गेले. आमच्या भागात आता बऱ्याच जणांकडे अशी माणसं येतात आणि बहुतेकांचं बोलणं "एकरी पन्नास हजार" या आकड्यावर सुरू होऊन तिथेच संपतं. आकडा खरा आहे. पण त्याच्या पुढे-मागे जे आहे ते मला कुणी आधी सांगितलं असतं, तर आमचे तीन महिने तरी वाचले असते. म्हणून हे लिहिते आहे.

योजना मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी, २०१७ साली सुरू झालेली. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीपंपांचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून पंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, सौर विजेवर चालवायचे आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू. खाजगी जमीन उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत हवी. भाडं हेक्टरी सव्वा लाख किंवा रेडीरेकनरच्या (सरकारी दरपत्रकातल्या) किमतीच्या ६ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते, आणि त्यावर दर वर्षी ३ टक्के वाढ. आमच्या माळाचे ६ टक्के सव्वा लाखाच्या जवळपासही जात नव्हते, त्यामुळे आमच्यासाठी दर सव्वा लाखच. एका मेगावॉटला चार ते पाच एकर लागतात. कंपनीला सहा हेक्टर हवे होते.

मला हे हवं होतं, आणि त्याचं कारण पैसा नव्हता. तात्या, म्हणजे माझे चुलते, गव्हाला पाणी भरायला हिवाळ्यात रात्री जायचे. थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, असं वेळापत्रक असायचं, आणि रात्रीची पाळी आली की बॅटरी, काठी आणि अंगावर घोंगडं. दोन वर्षांपूर्वी त्यांना बांधावर बिबट्या दिसला. तेव्हापासून काकू त्यांच्याबरोबर जायची आणि मोटर चालू असेपर्यंत मोठ्यानं बोलत राहायची. आपल्या माळावरची वीज आपल्याच फीडरला आली तर हे थांबेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिली अडचण सातबाऱ्यावरच आली. आजोबा २०११ साली गेले, आजी त्यांच्या आधीच. माळ त्यांचा स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्र नाही, त्यामुळे वारस चार: अण्णा, तात्या आणि दोन आत्या. चौघांचा हिस्सा सारखा. वारसनोंद त्या वेळी झालेली होती, चारही नावं होती. पण आत्यांनी "हक्कसोड देऊ कधीतरी" असं म्हटलेलं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं. कंपनीच्या माणसानंही तेच सुचवलं: बहिणींच्या सह्या घेऊन टाका, एका नावावर करार करू, काम सोपं जाईल.

मी नाही म्हटलं. अण्णा रागावले, माझ्याशी पंधरा दिवस नीट बोलले नाहीत. माझंही लग्न झालंय, मलाही भाऊ आहे. ज्या जमिनीतून वर्षाला शेळीच्या चाऱ्यापलीकडे काही निघत नव्हतं, तिच्यावर नाव ठेवायला कुणाची हरकत नव्हती. आणि उत्पन्न दिसलं त्याच आठवड्यात बहिणींनी हक्क सोडावा? थोरल्या आत्यानं निफाडला दुसऱ्याच्या द्राक्षबागेत काम करून मुलं मोठी केली. मी हे अण्णांना तोंडावर सांगितलं. पुढे करांचा हिशेब केला, तेव्हा चार नावं राहण्यातच सगळ्यांचा फायदा निघाला, आणि अण्णा त्या हिशेबामुळे तयार झाले. ते कुठल्याही कारणानं तयार झाले असते तरी मला चाललं असतं.

आता कराचं. मी जीएसटीतली, जमिनीच्या प्राप्तिकराबद्दल मला फारसं माहीत नव्हतं, म्हणून नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरच्या एका अनुभवी सीएंकडे गेले. जाताना गावातलं एक ठाम मत बरोबर घेऊन गेले होते: "शेतजमिनीच्या पैशाला टॅक्स नसतो." आमच्याकडे हे मत समृद्धी महामार्गानं पक्कं केलंय. सिन्नरमधल्या कितीतरी जणांची जमीन त्यात गेली आणि मोबदल्याला कर लागला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. सीएंनी समजावलं की २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या मोबदल्याला त्या कायद्याच्या कलम ९६ नं प्राप्तिकरातून सूट आहे. ती सूट संपादनाला आहे, भाड्याला नाही.

आणि भाडं? १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात शेतीउत्पन्नाची व्याख्या आहे. जमिनीचं भाडंही त्यात धरलं जातं, पण जमीन शेतीसाठी वापरली जात असेल तरच. माळ बटईनं दिला असता आणि बटईदारानं बाजरी पेरली असती, तर तो पैसा शेतीउत्पन्न. त्याच माळावर पॅनेल उभे राहिले की भाडं 'इतर स्रोतांतून उत्पन्न' या सदरात जातं आणि करपात्र होतं. घरभाड्यातून ३० टक्के थेट वजा होतात, मोकळ्या जमिनीला ती सोय नाही. (१ एप्रिल २०२६ पासून जुन्या कायद्याच्या जागी प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. मी इथे जुन्या कायद्याच्या भाषेत बोलते आहे.)

सहा हेक्टरांचं भाडं वर्षाला साडेसात लाख. ते सगळं एकट्या अण्णांच्या नावावर आलं असतं तर काय झालं असतं, ते सीएंनी माझ्यासमोर कागदावर मांडलं. तेव्हा २०२४-२५ चे दर होते. नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर शून्य होत असे, साडेसात लाखांवर तो फायदा संपला. आणि इथे मला पहिल्यांदाच कळलं की करमुक्त शेतीउत्पन्नही पूर्णपणे बाजूला राहत नाही. दुसरं उत्पन्न करमर्यादेच्या वर गेलं आणि शेतीउत्पन्न पाच हजारांपेक्षा जास्त असलं, की दर ठरवायला ते मिळवून धरतात. अण्णांचं कांदा-डाळिंबाचं निव्वळ उत्पन्न तीन लाख धरलं. एकूण साडेदहा लाखांवरचा कर ५७,५०० रुपये, त्यातून तीन लाखांची मर्यादा अधिक तीन लाख शेतीउत्पन्न अशा सहा लाखांवरचा कर १५,००० वजा. उरले ४२,५००, सेस धरून ४४,२००. शेतीच्या पैशाला कर नाही, पण त्यानं भाड्यावरचा कर २६,००० वरून इथवर चढवला. अण्णा शेजारी बसले होते. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, आजही तो त्यांच्या पाकिटात आहे.

चौघांत वाटलं तर प्रत्येकी १,८७,५००. प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न मूळ मर्यादेच्या आतच, कर शून्य, शेतीउत्पन्न मिळवण्याचा प्रश्नही येत नाही. सातबाऱ्यावर हिस्सा स्पष्ट असला आणि करारात प्रत्येकाच्या नावापुढे हिस्सा, पॅन आणि स्वतंत्र बँक खातं लिहिलेलं असलं, की हे आपोआप होतं. त्यात पळवाट कसलीच नाही, ज्याची जमीन त्याचं उत्पन्न, एवढंच.

हाच नियम उलट बाजूनंही लागतो. तात्यांनी विचारलं, "माझा हिस्सा काकूच्या खात्यात टाकला तर? तिला काहीच उत्पन्न नाही." चालत नाही. जमीन स्वतःकडे ठेवून फक्त उत्पन्न दुसऱ्याला दिलं तर कर मालकालाच. एका ओळखीच्यांनी हिंदू अविभक्त कुटुंबाचं वेगळं पॅन काढायला सांगितलं होतं, तेही दोन कारणांनी बसलं नाही. एक तर आजोबांची स्वकष्टार्जित जमीन वारसाहक्कानं आली की ती ज्याच्या-त्याच्या वैयक्तिक मालकीची होते, कुटुंबाची नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा चंदर सेन खटल्याचा निकाल यावर आहे. दुसरं म्हणजे ठरावीक उत्पन्नापर्यंत कर शून्य करणारी कलम ८७-अ ची सवलत व्यक्तीला मिळते, अविभक्त कुटुंबाला नाही.

हे दुसरं कारण १ फेब्रुवारी २०२५ ला फारच ठळक झालं. त्या दिवशीच्या अर्थसंकल्पात चार लाखांपर्यंत कर नाही आणि सवलतीमुळे बारा लाखांपर्यंत व्यक्तीला कर शून्य, असं झालं. मी वर्कशॉपमध्ये बसून माझी वही पुन्हा मांडली. नव्या दरानं एकट्या अण्णांनाही साडेसात लाखांवर कर शून्य येत होता. अविभक्त कुटुंबाला मात्र १८,२०० रुपये पडले असते. माझ्या पोटात गोळा आला, कारण आता अण्णा म्हणतील, मग चार नावं कशाला? मी स्वतःच फोन करून त्यांना नवा आकडा सांगितला. लपवणं मला जमलं नसतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "राहू दे आता. दर पुन्हा बदलतील. नावं कशाला बदलायची?" कराराच्या पंचवीस वर्षांत किती अर्थसंकल्प येतील हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

अण्णांची खरी काळजी वेगळी होती. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार बंद होतील का? आदल्या वर्षी प्राप्तिकर भरलेल्या माणसाला तो लाभ मिळत नाही, हा नियम आहे. कर शून्य येत असेल तर त्या नियमाचा धक्का बसत नाही, म्हणून उत्पन्न विभागलेलं असणं इथेही उपयोगी पडलं. त्यांची दुसरी भीती अशी की माळ सोलरला दिला तर आपण शेतकरी राहणार का. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, त्यामुळे ही भीती पोकळ नाही. पण विहिरीजवळची जमीन पिकती आहे, मालकी आपलीच राहते, कंपनीचं नाव 'इतर हक्कात' येतं. हे त्यांना तीन वेळा वाचून दाखवलं, मग ते झोपले.

मधल्या काळात आणखी एक गृहस्थ आले. ते म्हणाले, भाड्यानं कशाला देता, केंद्राच्या पीएम-कुसुम या सौर योजनेच्या घटक 'अ' मधून स्वतःचा एक मेगावॉट टाका, मालक व्हा. घटक 'अ' मध्ये शेतकऱ्याला स्वतः पाचशे किलोवॉट ते दोन मेगावॉटचा प्रकल्प उभारता येत होता आणि पंचवीस वर्षांचा वीजखरेदी करार होत होता, हे बरोबर. तात्यांच्या मुलाचे डोळे चमकले. मलाही मोह झाला, म्हणून आम्ही तो हिशेब मनापासून केला, चार रविवार घालवून.

आम्हाला मिळालेलं कोटेशन एका मेगावॉटला चार कोटींचं. आपले एक कोटी वीस लाख, बँकेचे दोन कोटी ऐंशी लाख. हे एक कोटी वीस लाख कुठून, हा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. वर्षाला सोळा लाख युनिट आणि तीन रुपये दर धरला तर अठ्ठेचाळीस लाख. देखभाल, विमा, राखण पाच लाख. दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज अठ्ठावीस लाख. उरले पंधरा. बारा वर्षांत मुद्दल फेडायचं तर वर्षाला तेवीस लाख. म्हणजे आठ लाख खिशातून. कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं तीन टक्के व्याजसवलत मिळत होती, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं कुसुमचा घटक 'अ' त्याला जोडायचा निर्णय घेतला. ती मिळाली तरी वर्षाला सहा लाख सुटतात, दोन-सव्वा दोन लाखांची तूट राहतेच. एक वर्ष ढगाळ गेलं, एक इन्व्हर्टर गेला, की हप्ता चुकला. तारण काय, तर विहिरीजवळची जमीन.

गृहस्थांचं उत्तर तयार होतं: "टॅक्समधून भरून निघेल." त्यांच्या कागदावर ८० टक्के घसारा (यंत्राच्या झिजेपोटी नफ्यातून मिळणारी वजावट) आणि दहा वर्षं करमाफी छापलेली होती. दोन्ही जुनं. सौर यंत्रणेचा घसारा आता ४० टक्के आहे, आणि कलम ८०-आयए ची करमाफी ३१ मार्च २०१७ पर्यंत वीजनिर्मिती सुरू केलेल्यांनाच. पण चाळीस टक्के तरी कमी का? चार कोटींवर पहिल्या वर्षी एक कोटी साठ लाख खर्ची पडतात. कारखानदार हे ऐकून हरखतो, कारण त्याच्याकडे दुसरा करपात्र नफा असतो आणि तो या घसाऱ्यानं झाकला जातो. आमचा नफा कांद्याचा, मुळातच करमुक्त. करच नाही तर वाचवायचं काय? तो घसारा पुढे ओढत नेता येतो, विजेच्या उत्पन्नातून वळता होतो, पण सुरुवातीच्या वर्षांत, जेव्हा हप्त्यानं जीव जातो, तेव्हा हातात एक रुपया देत नाही. माझ्या मते ज्याच्याकडे द्राक्ष निर्यातीची कंपनी आहे, कोल्ड स्टोरेज आहे, पेट्रोल पंप आहे, त्यानं हा प्रकल्प स्वतः करावा. फक्त शेतीवर असलेल्यानं कर्ज काढून, टॅक्सच्या आशेवर करू नये.

जीएसटीचंही तसंच. तेव्हा पॅनेलवर १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. विजेच्या विक्रीवर जीएसटी नाही, म्हणून खरेदीवर भरलेला परत मिळत नाही, तो खर्चातच धरायचा. गृहस्थांनी तो "परत येणारी रक्कम" म्हणून दाखवला होता. ही चूक मला लगेच दिसली, आणि त्यानंतर मी त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवला नाही.

भाड्यानं द्यायचं ठरलं आणि कंपनीचा मसुदा आला. एकवीस पानं, इंग्रजीत. मी मराठी प्रत मागितली, ती यायला महिना लागला. त्यात जे सापडलं ते सांगते, कारण पैसे सर्वांत जास्त इथेच जातात.

आमच्या गटात सहा हेक्टरांपैकी ऐंशी आर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) आहे. मसुद्यात भाडं "लागवडीयोग्य क्षेत्रावर" म्हणजे पाच हेक्टर वीस आरवर धरलेलं होतं. कुंपण मात्र सहाही हेक्टरांना. वर्षाला एक लाखाचा फरक, एका शब्दात. खडकावर पॅनेल बसतं, तर खडकाचं भाडंही द्या, असं तात्या बैठकीत म्हणाले आणि कंपनीचा माणूस हसून कबूल झाला.

भाडं कधीपासून? मसुदा म्हणत होता, वीजनिर्मिती सुरू झाल्यापासून. ते दीड वर्षही लागू शकतं, आणि तोवर शेळ्याही चरणार नाहीत. ताब्याच्या दिवसापासून करून घेतलं.

तीन टक्के वाढ योजनेत सरळ पद्धतीनं आहे, चक्रवाढीनं नाही. पंचविसाव्या वर्षी हेक्टरी २ लाख १५ हजार होतात. चक्रवाढ असती तर दोन लाख चोपन्न झाले असते. हे आम्हाला बदलता आलं नाही. पण गावात लोक चक्रवाढीनं हिशेब करून मुलाच्या शिक्षणाचं गणित मांडतात, त्यांनी हे एकदा नीट पाहावं.

"सर्व कर व शुल्क जमीनमालक भरेल" अशी एक ओळ होती. सहज वाचली तर सहीच होऊन जाईल अशी. जमीन शेतीखेरीज वापराला भाड्यानं दिली की ती जीएसटीच्या कक्षेत येते, दर १८ टक्के. वीस लाखांच्या आत असल्यानं आमच्यापैकी कुणालाच नोंदणी लागत नाही. पण ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्या मालकाकडून नोंदणीकृत व्यवसायानं राहत्या घराखेरीज मालमत्ता भाड्यानं घेतली, तर जीएसटी त्या भाडेकरूनंच भरायचा असतो. साडेसात लाखांवर १८ टक्के म्हणजे एक लाख पस्तीस हजार. ती ओळ तशीच राहिली असती तर कंपनी ते आमच्या भाड्यातून कापू शकली असती. ओळ बदलून "प्राप्तिकर मालकाचा, जीएसटी, मुद्रांक व नोंदणी शुल्क कंपनीचं" असं लिहून घेतलं.

तारणाचं कलम सर्वांत लांबलं. कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेला काहीतरी तारण लागतं, हे आम्हाला मान्य. पण कंपनीनं स्वतःचा भाडेहक्क गहाण ठेवावा, आमची जमीन नाही. मसुद्यातल्या वाक्यातून दोन्ही अर्थ निघत होते. आम्ही ते दोन वाक्यांत तोडून घेतलं. मुदत संपल्यावर किंवा कंपनी बुडाल्यावर पॅनेल, खांब आणि काँक्रीटचे पाये उखडून नेण्याचा खर्च कुणाचा, तेही लिहिलं, आणि त्यापोटी एका वर्षाच्या भाड्याइतकी अनामत मागितली. सहा महिन्यांची मिळाली.

सातव्या हेक्टरबद्दल सांगायचं राहिलं. तो रस्त्याला लागून आहे, आणि कंपनीनं नंतर त्याचीही मागणी केली. सीएंनी एक गोष्ट समजावल्यामुळे आम्ही तो दिला नाही. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. 'ग्रामीण' म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ठरावीक अंतराबाहेर: एक लाखापर्यंत वस्तीच्या सिन्नरसारख्या गावापासून दोन किलोमीटर, दहा लाखांवरच्या नाशिकपासून आठ. आमचा माळ दोन्हींच्या बाहेर आहे. पण जमीन पंचवीस वर्षं विजेला दिली, तर विकताना ती 'शेतजमीन' होती का, हा वाद प्राप्तिकर खातं उभा करू शकतं. आणि शेतजमीन विकून दुसरी शेतजमीन घेतली तर मिळणारी कलम ५४-ब ची सवलत विक्रीआधीची दोन वर्षं जमीन शेतीला वापरली असेल तरच लागते. उद्या कुणाच्या आजारपणाला, लग्नाला काही विकावं लागलं तर हाच एक तुकडा हाताशी असेल. त्यावर आता दर वर्षी मठ पेरतो, आणि ई-पीक पाहणीत नोंदवतो.

हे सगळं सातबाऱ्यावर वर्ग-१ (सरकारी परवानगीशिवाय व्यवहार करता येणारी जमीन) लिहिलेल्या आमच्यासारख्यांचं. पेठ, सुरगाण्याकडे आदिवासी खातेदारांच्या जमिनी आहेत, तिथे भाडेपट्ट्याला आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. वर्ग-२ च्या जमिनींनाही तसंच. त्यांनी "कंपनी सगळं बघून घेईल" यावर जाऊ नये.

मार्चमध्ये मोजणी झाली, सोसायटीच्या जुन्या पीककर्जाचा बोजा उतरवायला ना-देय दाखला घेतला, फेरफाराची पंधरा दिवसांची नोटीस गेली. मे २०२५ मध्ये दुय्यम निबंधकांकडे चौघांचे अंगठे आणि फोटो झाले. धाकटी आत्या संगमनेरहून आली होती, तिनं येताना सगळ्यांसाठी धपाटे आणले होते.

थोरल्या आत्याकडे पॅन नव्हतं. टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कर कापून घेण्याचा, नियम एप्रिल २०२५ पासून महिना पन्नास हजारांच्या वरच्या भाड्याला, दर १० टक्के. प्रत्येकाचे महिन्याला १५,६२५ पडतात, म्हणजे कापायचं कारण नाही. पण रक्कम वर्षाची एकदम येणार, म्हणून कंपनीचं लेखा खातं कापण्याच्या विचारात होतं, आणि पॅन नसेल तर २० टक्के. आत्याचं पॅन काढलं, आधारशी जोडलं, निफाडला तिच्या एकटीच्या नावाचं खातं उघडलं. आधीचं खातं मुलाबरोबर होतं. मुलगा थोडा नाराज झाला. ती अडुसष्ट वर्षांची आहे, म्हणून कर कापू नये यासाठी तिचा १५-एच फॉर्म भरायचा होता, बाकीच्यांचा १५-जी.

२०२६ च्या जानेवारीत प्रकल्प सुरू झाला. आमच्या फीडरला आता दिवसा थ्री फेज असते. तात्या सकाळी नऊला मोटर चालू करतात आणि काकू घरी असते.

तो १५-एच मी आत्याच्या ओट्यावर बसून भरला होता. उत्पन्नाचं स्वरूप या रकान्यात मी "जमिनीचं भाडं" लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "कुणाची जमीन लिहिली?" मी म्हटलं, "तुमची, आत्या." तिनं सातबारा मागून घेतला, चष्मा लावला, चार नावांतलं आपलं नाव बोट ठेवून वाचलं, आणि मग सही केली.